सगळ्यांचे आजोबा एकच

आज एका आकड्यापासून सुरुवात करतो. म्हणजे जिथे आकडा यायला हवा होता आणि आला नाही, तिथून.

माझी पहिली नोकरी. बीटेक होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. ऑनलाइन कोर्स विकणारी एक छोटी कंपनी. मुलं तिथे शंका विचारायची आणि प्रत्येक शंकेला टॅग लावायची. कुठला टॅग किती वेळा आला, हे मोजायचं काम माझ्याकडे होतं. दहा ओळींचा कोड. एक रिकामं ऑब्जेक्ट घ्यायचं, टॅग दिसला की त्याच्या नावासमोर एक वाढवायचा, पहिल्यांदाच दिसला असेल तर शून्यापासून सुरू करायचं. जावास्क्रिप्ट शिकणारं कुठलंही पोर पहिल्या आठवड्यात हे लिहितं.

दोन आठवडे सगळं नीट चाललं. मग कंपनीने जावाचा कोर्स सुरू केला आणि रिपोर्टमध्ये एका टॅगसमोर भलतंच काहीतरी यायला लागलं. 'फंक्शन ऑब्जेक्ट', मग कंसात 'नेटिव्ह कोड' आणि त्याला चिकटून एकांची रांग. १११११११. जितक्या शंका, तितके एक. टॅगचं नाव होतं 'कन्स्ट्रक्टर'.

मी काय केलं? टॅगांची यादी सांभाळणारी एक इंटर्न होती. तिला सगळ्यांसमोर सांगितलं की तुझा डेटा घाण आहे, आधी तो साफ कर. ती बिचारी दोन दिवस यादी चाळत बसली. तिच्याबद्दल शेवटी बोलतो.

ज्यांना कोडिंग येत नाही त्यांनी पळू नका. कोडची एकही ओळ वाचून दाखवणार नाही. कानाने कोड ऐकणं ही शिक्षा आहे, मी एकदा केलंय ते.

तर झालं असं होतं. माझं 'रिकामं' ऑब्जेक्ट रिकामं नव्हतं. जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्टकडे एखादी गोष्ट मागितली आणि ती त्याच्याकडे नसली, तर ते लगेच 'नाही' म्हणत नाही. आपल्या वडीलधाऱ्याला विचारतं. त्याच्याकडेही नसली तर तो त्याच्या वडीलधाऱ्याला विचारतो. असं करत प्रश्न सगळ्यात वरच्या आजोबांपर्यंत पोचतो. गंमत अशी की जवळजवळ सगळ्या ऑब्जेक्टचे हे आजोबा एकच असतात. त्यांचं नाव 'ऑब्जेक्ट डॉट प्रोटोटाइप'. या आजोबांकडे 'कन्स्ट्रक्टर' नावाचं एक फंक्शन कायम ठेवलेलं असतं. माझ्या कोडने विचारलं, हा टॅग आधी पाहिलाय का? ऑब्जेक्टने आजोबांना विचारलं आणि म्हणालं, हो, आहे की! कोडने त्यात एक मिळवला. फंक्शनमध्ये एक मिळवता येत नाही, म्हणून जावास्क्रिप्टने त्या फंक्शनचा मजकूर केला आणि पुढे '१' चिकटवून दिला. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही.

ही आजोबांना विचारायची पद्धत आली कुठून? आणि मुळात ती इतकी वाईट होती का? मी बरेच दिवस हिला शिव्या घालत होतो. मग इतिहास वाचला आणि शिव्या कुणाला घालायच्या हेच कळेना.

ऑब्जेक्ट आणि क्लास ही जोडी नॉर्वेची. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड या दोघांनी ऑस्लोमध्ये सिम्युला भाषा बनवली आणि १९६७च्या आवृत्तीत क्लास आणले. क्लास म्हणजे मोदकाचा साचा. साचा वेगळा, मोदक वेगळा. साच्याला कुणी नैवेद्यात ठेवत नाही. पुढे १९७०च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात ॲलन के आणि त्यांच्या टीमने स्मॉलटॉक केली. तिचा हट्ट असा की सगळंच ऑब्जेक्ट. मग क्लाससुद्धा ऑब्जेक्ट. मग त्या क्लासचा क्लास कोण? त्याला मेटाक्लास म्हणतात, आणि तिथपर्यंत आलं की नवशिक्याला घेरी येते.

याला कंटाळून काही लोक उलट बाजूने विचार करायला लागले. एमआयटीतल्या हेन्री लीबरमनने १९८६मध्ये एक पेपर लिहिला, त्यात उदाहरण हत्तीचं आहे. माणूस आधी 'हत्ती' नावाची व्याख्या शिकून मग हत्ती ओळखत नाही. त्याला आधी एक हत्ती दिसतो. दुसरा दिसला की तो म्हणतो, हा त्याच्यासारखाच, फक्त याचं अमुक वेगळं. मग प्रोग्राम तरी साच्यापासून का सुरू करायचा?

त्याच वर्षी पार्कमध्येच डेव्हिड अंगर आणि रँडल स्मिथ यांनी 'सेल्फ' नावाच्या भाषेचा आराखडा मांडला आणि १९८७मध्ये त्यावरचा पेपर आला. सेल्फमध्ये क्लास नाहीतच. नवीन ऑब्जेक्ट हवं? असलेल्याची नक्कल करा. दही लावायला साचा लागतो का? कालचं दही लागतं. आणि जे सगळ्यांना समान आहे ते प्रत्येकात भरायच्या ऐवजी एका वडीलधाऱ्या ऑब्जेक्टमध्ये ठेवा. लागलं की त्याला विचारा.

मला हे वाचताना खरंच आवडलं. केवढी साधी गोष्ट! आणि सेल्फच्या जगात ती चालतही होती, कारण ते जग एका संगणकावरचं होतं. ऑब्जेक्ट स्क्रीनवर उघडून हाताळता यायचे. वडीलधाऱ्यात बदल केला की त्याच्या सगळ्या पोरांत तो तिथल्या तिथे दिसायचा. बदल करणारा आणि परिणाम बघणारा माणूस एकच. बिघडलं तर त्याच्याच समोर बिघडणार. वडीलधारा ऑब्जेक्ट जिवंत आहे, बदलता येतो, हा तिथे दोष नव्हता. तीच तर मजा होती.

सेल्फ पुढे सन कंपनीत गेली. ती वेगाने चालावी म्हणून अंगरच्या टीमने जी तंत्रं शोधली ती भाषेपेक्षा जास्त जगली. त्या टीममधला लार्स बाक पुढे गूगलमध्ये व्ही-एट इंजिनाचा प्रमुख झाला. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनवर आत्ता जर क्रोम असेल तर जावास्क्रिप्ट तेच चालवतं. आणि व्ही-एट वेगासाठी करतं काय, तर एकसारखी दिसणारी ऑब्जेक्ट हेरून त्यांचे आतल्या आत छुपे क्लास बनवतं! म्हणजे भाषेने क्लास नको म्हणून दरवाजा लावला आणि इंजिनाने मागच्या खिडकीतून त्यांना आत घेतलं. (इथे मी रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ हसलोय, ते कापलंय.)

बरं, आता १९९५. ब्रेंडन आइक एप्रिलमध्ये नेटस्केपमध्ये रुजू झाला. त्याला आमिष दाखवलं होतं की ब्राउझरमध्ये स्कीम भाषा घालायची आहे. पण मध्ये जावाचा गाजावाजा सुरू झाला, सनशी बोलणी सुरू झाली आणि वरून हुकूम आला की जे काही करशील ते जावासारखं दिसलं पाहिजे. आइकने मे महिन्यात दहा दिवसांत पहिला नमुना उभा केला. फंक्शनची कल्पना स्कीममधून घेतली, प्रोटोटाइपची सेल्फमधून, आणि कपडे जावाचे घातले. आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि डिसेंबरमध्ये जावास्क्रिप्ट अशी नावं बदलली. जावा ही मोठ्या कामाची भाषा आणि ही तिची धाकटी बहीण, असं ठरलेलं. म्हणून क्लास हिला द्यायचे नव्हते. पण जावासारखा 'न्यू' हा शब्द मात्र दिला.

माझ्या मते मूळ घोळ इथे आहे. सेल्फमध्ये नक्कल करायची, संपलं. जावास्क्रिप्टमध्ये एक फंक्शन लिहायचं, त्या फंक्शनला 'प्रोटोटाइप' नावाची प्रॉपर्टी असते, 'न्यू' लावून फंक्शन बोलावलं की नव्या ऑब्जेक्टचा वडीलधारा म्हणून ती प्रॉपर्टी जोडली जाते. आत नातं आजोबा-नातवाचं, बाहेरून बोलणं साच्याचं. 'न्यू' लिहायला विसरलात तरी कोड चालायचा, फक्त तुमची माहिती ऑब्जेक्टऐवजी सगळ्या पानाच्या सामायिक जागेत जाऊन पडायची. त्यावर लोकांनी उपाय काय काढला, तर अशा फंक्शनचं पहिलं अक्षर कॅपिटल लिहायचं, म्हणजे आठवण राहील. भाषेतल्या खड्ड्यावर लाल फडकं बांधून ठेवण्यातला प्रकार. २००९मध्ये स्ट्रिक्ट मोड आला तेव्हा कुठे हे चुकल्यावर एरर दिसायला लागली.

पण सगळ्यात जास्त लोकांना ज्याने फसवलं तो खड्डा वेगळा आहे आणि तो नीट समजून घेऊ.

समजा किराणा दुकानाच्या उधारीचं ॲप आहे. एक नमुना गिऱ्हाईक बनवलं. त्याची बाकी शून्य आणि सामानाची यादी रिकामी. बाकी सगळ्या गिऱ्हाइकांचा वडीलधारा हाच. आता एका गिऱ्हाइकाची बाकी ५० केली. काय होतं? ५० त्याच्या स्वतःच्या खात्यात लिहिले जातात, नमुन्यातला शून्य तसाच राहतो. छान. मग त्याच्या यादीत साखर टाकली. आता काय होतं? यादी त्याच्याकडे स्वतःची नाही, म्हणून ती वडीलधाऱ्याकडून आली, आणि साखर त्या वडीलधाऱ्याच्या यादीत पडली. गावातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावावर एक किलो साखर!

वाचताना वर विचारायचं, लिहिताना स्वतःकडे लिहायचं, हा नियम. पण यादीत भर घालणं हे दिसायला लिहिणं आणि नियमाने वाचणं आहे. यादी आधी वाचली जाते, मग तिच्यात माल टाकला जातो. आकड्याने टेस्ट केली तर बग सापडत नाही, यादीने केली तरच सापडतो. आणि एकच गिऱ्हाईक घेऊन टेस्ट केली तर तेव्हाही नाही.

हे झालं एका प्रोग्रामच्या घरातलं भांडण. वेबवर मात्र घर एकट्याचं नसतं.

२००५मध्ये सॅम स्टीफनसनने एक लायब्ररी काढली. तिचं नावच 'प्रोटोटाइप'. पुढच्या वर्षी 'मूटूल्स' आली. त्या काळात जावास्क्रिप्टच्या यादीला, म्हणजे ॲरेला, स्वतःच्या सोयी फार कमी होत्या. या लायब्ररींनी सरळ ॲरेच्या प्रोटोटाइपमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या याद्यांच्या वडीलधाऱ्यात, आपली फंक्शनं भरली. एकदा लायब्ररी पानावर आली की प्रत्येक यादीला नव्या युक्त्या येतात. वापरायला इतकं गोड होतं की लाखो पानांवर गेलं. 'प्रोटोटाइप'च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी तर थेट सर्वात वरच्या आजोबांनाच हात घातला होता. पण त्यामुळे कुठल्याही ऑब्जेक्टमधल्या गोष्टी एकेक करून मोजायला गेलं की पाहुणेही मोजले जायला लागले, म्हणून ते मागे घ्यावं लागलं. आधी घरच्यांना मोजायचं, तर प्रत्येकाला 'तू इथलाच ना?' असं विचारायची सवय जावास्क्रिप्टवाल्यांना तेव्हा लागली.

पुढे भाषेलाच वाटलं की या सोयी आपण अधिकृतपणे द्याव्यात. भाषेचे नियम ठरवणारी समिती आहे, टीसी-३९. २०१४मध्ये यादीत एखादी गोष्ट आहे का हे सांगणारं 'कन्टेन्स' आणायचं ठरलं. फायरफॉक्सने करून बघितलं तर मूटूल्सवर चालणारी पानं मोडली. नाव बदलून 'इन्क्लूड्स' करावं लागलं.

मग मार्च २०१८. यादीतल्या यादीतल्या याद्या सपाट करणारं 'फ्लॅटन' येणार होतं. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ते आलं आणि एक लोकप्रिय वेबसाइट तुटली. कारण फार बारीक आहे आणि मला ते भयंकर आवडतं. मूटूल्स स्वतःचं 'फ्लॅटन' यादीच्या प्रोटोटाइपवर ठेवायचं, आणि मग तिथलं जे जे मोजणीत दिसतं ते ते आपल्या दुसऱ्या एका प्रोटोटाइपवर उतरवून घ्यायचं. भाषेची स्वतःची फंक्शनं मोजणीत दिसत नाहीत, ती लपलेली असतात. आता 'फ्लॅटन' भाषेनेच आधी ठेवलेलं. मूटूल्सने त्यावर आपलं लिहिलं, पण लपलेपणाचा शिक्का जुनाच राहिला. मोजणीत ते दिसलं नाही, म्हणून उतरवलं गेलं नाही, म्हणून पान मोडलं. कुणीही चूक केलेली नाही बघा. मूटूल्सने स्वतःचंच फंक्शन वापरलं, ब्राउझरने नियम पाळला.

मूळ प्रस्तावाच्या लेखकांपैकी मायकल फिकाराने वैतागून की गमतीने सुचवलं, 'फ्लॅटन'चं नाव 'स्मूश' करू या. झालं! लोकांना वाटलं खरंच ठरलं. ट्विटरवर आठवडाभर धुमाकूळ. एक गट म्हणाला, जुनी पानं मोडू द्या, दहा वर्षांपूर्वीच्या लायब्ररीसाठी आम्ही का भोगायचं? दुसरा म्हणाला, ती पानं ज्यांनी बनवली ते केव्हाच निघून गेलेत, वाचणारे मात्र आज आहेत. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि अर्थातच पहिल्या गटात होतो. वीस वर्षांच्या माणसाला सगळं जुनं मोडून टाकावंसं वाटतं. आज माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. कुणातरी गावच्या पतसंस्थेचं किंवा शाळेचं पान असेल, ते बनवणारा मुलगा आता दुसरीकडेच नोकरी करत असेल. ते पान मोडलं तर दुरुस्त कोण करणार? मे महिन्यात समितीने 'फ्लॅट' हे नाव पक्कं केलं. त्यानंतरही हे थांबलेलं नाही. गट पाडून देणारं 'ग्रुपबाय' यादीवर बसवायला गेले तर पुन्हा जुन्या पानांशी टक्कर झाली, मग नाव बदललं, तेही आदळलं, आणि शेवटी २०२४च्या नियमावलीत ते यादीच्या प्रोटोटाइपवर ठेवलंच नाही, बाहेर ठेवलं. प्रोटोटाइपच्या भिंतीवर कुणीतरी कधीतरी काहीतरी लिहून गेलेलं असतं, आणि तिथे मोकळी जागा शोधावी लागते.

आतापर्यंत लिहिणारे निदान सज्जन होते. २०१८मध्येच ऑलिव्हिए आर्तो नावाच्या संशोधकाने माँट्रियलमधल्या नॉर्थसेक परिषदेत दाखवलं की दुर्जन काय करू शकतात.

प्रत्येक ऑब्जेक्टवरून त्याच्या वडीलधाऱ्यापर्यंत जायची एक चोरवाट आहे. नाव 'प्रोटो', दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर. ही नेटस्केपच्या काळातली सोय, नियमावलीत कधी नव्हती. पण इतकी वापरली गेली की २०१५मध्ये नियमावलीला तिला आत घ्यावं लागलं. आता सर्व्हरवरचा प्रोग्राम विचारात घ्या. बाहेरून माहिती येते, प्रोग्राम ती आपल्या सेटिंगमध्ये मिसळतो, आतल्या आतल्या खणांपर्यंत. हल्लेखोराने पाठवलेल्या माहितीत एका खणाचं नावच 'प्रोटो' असलं तर? मिसळणारा कोड भोळेपणाने त्या खणात उतरतो आणि थेट आजोबांच्या खोलीत पोचतो. तिथे हल्लेखोराने 'ॲडमिन: हो' असं लिहून ठेवलं की त्यानंतर ज्या ज्या ऑब्जेक्टला 'तू ॲडमिन आहेस का' विचाराल, आणि ज्याच्याकडे स्वतःचं उत्तर नसेल, ते 'हो' म्हणेल. सोसायटीच्या टाकीत एकाने काही ओतलं की सगळ्या मजल्यांच्या नळाला तेच येणार. याला 'प्रोटोटाइप पोल्यूशन' म्हणतात, म्हणजे टाकीची उपमा माझी असली तरी कल्पना त्यांचीच.

आर्तोने घोस्ट नावाच्या, ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरवर दाखवलं की लॉगिन न करताही सर्व्हरवर आपला कोड चालवता येतो. लोडॅशसारख्या जवळपास प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असणाऱ्या लायब्ररीत हे छिद्र होतं. २०१८मध्ये एक बुजवलं, २०१९मध्ये दुसरं. जेक्वेरीने २०१९च्या एप्रिलमध्ये ३.४.० आवृत्तीत बुजवलं. त्याच वर्षी मिखाउ बेंतकोव्स्कीने किबाना या डेटा बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये याच वाटेने सर्व्हर ताब्यात घेऊन दाखवला.

तोवर भाषेत क्लास आले होते, २०१५मध्ये. पण ते वरचं प्लास्टर आहे. आत खोदलं की तीच आजोबांची साखळी. खरे उपाय साधे आणि कमी देखणे आहेत. मोजदाद करायची तर 'मॅप' वापरा, तो त्यासाठीच आहे. ऑब्जेक्टच हवं असेल तर आजोबाच नसलेलं, अनाथ ऑब्जेक्ट बनवता येतं, २००९पासून येतं. नोडमध्ये 'प्रोटो'ची चोरवाट बंद करायचा पर्याय आहे. डीनोने ती काढूनच टाकली.

आता त्या इंटर्नबद्दल. तिसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "दादा, जरा बघता का?" तिने 'टू-स्ट्रिंग' नावाचा एक खोटा टॅग लावला होता. रिपोर्ट उघडला तर त्याच्यासमोरही तेच, फंक्शन आणि पुढे एक. मला न विचारता, माझा कोड न बघता तिने सिद्ध केलं होतं की घाण डेटात नाही. मी काय केलं? कोडमध्ये एक अट टाकली की टॅग 'कन्स्ट्रक्टर' असेल तर वेगळा मोज. ती म्हणाली, "आणि टू-स्ट्रिंगचं काय?" मी म्हटलं, असला टॅग कोण लावणार? सगळ्यांसमोर केलेल्या आरोपाबद्दल मी सगळ्यांसमोर काहीच बोललो नाही. तिची इंटर्नशिप त्या महिन्यात संपली.

हा भाग लिहिताना त्या कंपनीत अजून असलेल्या एका मित्राला विचारलं की ती फाइल आहे का. म्हणाला, आहे, कुणी हात लावत नाही, चालतंय तर चालू दे. त्या अटीत मात्र आता पाच नावं झालीत. दुसरं 'टू-स्ट्रिंग' आहे.